पाणी भरायला आलेले परत बैठकीत कसे बसले (सोलापूर)

कंबर_तलाव

सोलापुरातल्या आम्हा समलिंगी-पारलिंगी लोकांच्या शनिवारच्या बैठकीबद्दल इथे पूर्वी त्रोटक लिहिलं होतं. आज सविस्तर लिहितोय, कारण बीड-लातूरकडच्या दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की आरक्षणाच्या वादात तुमचा गट फुटला होता, तो परत जुळला कसा. व्यनित मावणारं उत्तर नाही हे.

६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्याच आठवड्यात आम्ही पाच जण चार हुतात्मा पुतळ्यापाशी भेटलो. तोवर एकमेकांना फक्त ॲपवर ओळखत होतो. ती जागा ठरवली, कारण तिथं संध्याकाळी कुणीही उभं असतं, कोण कशाला आलंय हे कुणी विचारत नाही. पेढे मी नेले होते. पाचात मी मराठा, मोहोळ तालुक्यातला, घरची अडीच एकर जिरायत. एक धनगर मैत्रीण, नर्स आहे. एक पद्मशाली पोरगा, एक बागवान, एक लिंगायत. ही यादी मी आज करतोय. त्या दिवशी कुणाच्या डोक्यातही नव्हती.

पुढे अक्का भेटल्या. अक्का जोगती आहेत, यल्लम्माचा जग (देवीची मूर्ती असलेली टोपली) डोक्यावर घेऊन उभी हयात फिरल्या. मराठी, कानडी, तेलुगू एकाच वाक्यात बोलतात आणि समोरच्याला ते कळतं. जुन्या मिल चाळीत त्यांच्या दोन खोल्या. दर शनिवारी संध्याकाळी तिथं बसायला लागलो. वाढत वाढत पंचवीस जण झालो. घरच्यांना काय सांगायचं, नोकरीत काय लपवायचं, कुठल्या डॉक्टरकडं जायचं, सगळं तिथं. घरात तोंड मिटून बसणारी पोरं तिथं येऊन पोटभर बोलायची.

मग २०२३ आलं. १ सप्टेंबरला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. आमच्या गावच्या वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचा फलक लागला, तो लावणाऱ्यात माझा धाकटा भाऊ होता. त्याची कहाणी अशी की ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षण रद्द केलं तेव्हा त्याचं नाव निवड यादीत होतं. नेमणूक अडकली. तेव्हापासून घरात तो जेवायला बसला की कुणी बोलत नाही. मी रोज स्टेटस ठेवत होतो. नर्स मैत्रिणीनं गटावर लिहिलं की ओबीसीत वाटेकरी वाढले तर आमच्या पोरींचं काय. मी भर रागात उत्तर दिलं, "तुमचं पोट भरलंय, आता दुसऱ्याच्या ताटात काय वाढलं ते मोजू नका."

तिनं लिहिलं, "पाटलांनी मोजून दिलेल्या ताटातच जेवलोय आम्ही."

तीन दिवसांत नऊ जण गट सोडून गेले. उरलेल्यांत कुणी कुणाशी बोलेना. १७ ऑक्टोबरला समलिंगी विवाहाचा निकाल आला, न्यायालयानं मान्यता द्यायला नकार दिला. २०१८ ला आम्ही पेढे वाटले होते. या वेळी प्रत्येकानं आपापल्या मोबाईलवर एकट्यानं वाचलं. मी वाचलं ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या हिशेबाच्या टेबलावर, समोर बिलांचा गठ्ठा, शेजारी दोन माणसं. रडताही येईना. ३० ऑक्टोबरला बीडमध्ये घरं जळाली. त्याचे व्हिडिओ इकडून तिकडून फिरले आणि जे थोडं शिल्लक होतं तेही गेलं.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढं जात नाही. त्या काळात आमच्यातल्या एका पोराचं घरच्यांनी लग्न लावून दिलं. आधी असं काही आलं की तो शनिवारी यायचा, आम्ही चार जण त्याच्या मामाशी बोलायला जायचो, दोनदा टळलंही होतं. या खेपेला त्यानं कुणालाच फोन केला नाही. कुणाला करणार? एक बाजूचा झाला की दुसरी बाजू दुखावणार. हळद लागली ते मला पंधरा दिवसांनी कळलं. त्याचंही नुकसान झालं आणि त्या मुलीचं त्याहून जास्त. भांडणात जिंकलेला एकही मुद्दा मला आज आठवत नाही, तो पोरगा मात्र रोज आठवतो.

जानेवारी २०२४. अक्का गड्ड्याच्या यात्रेतून परतताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सोलापूरचं पाणी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. चार-पाच दिवसांनी एकदा सुटतं, आणि कधी सुटेल ते नळालाच माहीत. रात्री दोनला सुटलं तर दोनला उठायचं. वॉकर धरून चालणारी बाई बॅरल कसं भरणार? अक्कांनी कुंभारीच्या पोराला वही-पेन दिलं आणि पाण्याच्या पाळ्या लिहायला सांगितल्या. प्रत्येक पाळीला दोघं. नावं त्यांनी तोंडानं सांगितली, सगळ्यांची, सोडून गेलेल्यांचीही. अक्का व्हॉट्सॲप वापरत नाहीत. गट कुणी सोडला, कुणी काय लिहिलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी कुणी कुठं गेलंच नव्हतं.

त्या यादीत माझ्या नावापुढं त्या नर्स मैत्रिणीचं नाव होतं.

पहिल्या तीन पाळ्या आम्ही एक शब्द बोललो नाही. ती पाईप लावायची, मी मोटर सुरू करायचो. सुरुवातीचं पाणी वास मारतं, ते मोरीत सोडून द्यायचं, मग दोन बॅरल, मग घागरी, शेवटी प्यायचा पितळी हंडा. कापडानं गाळून. चौथ्या पाळीला, मार्च असेल, मध्येच लाईट गेली. मोटर बंद. नळाला करंगळीएवढी धार. मग खाली नळाशी बसून तांब्यानं घागर भरायची आणि एकमेकांच्या हातात देत वर न्यायची, बारा पायऱ्या. अंधारात घागर देता-घेताना "धरली?" "धरली. सोड," एवढं तरी बोलावंच लागतं. सहा महिन्यांनी तिचा आवाज ऐकला तो असा.

वरून अक्का ओरडल्या, "कोण कोण आलंय गं?"

ती म्हणाली, "आम्हीच दोघं, अक्का."

पुढचं तिला लिहायचं असेल तर ती लिहील, ती इथं वाचते.

---

जुळे_सोलापूर

लेख मनाला भिडला. पण एक प्रामाणिक प्रश्न. अशा गटात राजकारण आणायचंच कशाला? आमच्या सोसायटीच्या गटावर आम्ही सरळ नियम केला, जात-धर्म-पक्ष काही नाही. शांतता आहे. तुमचा प्रश्न वेगळा, आरक्षण वेगळं. दोन्ही एकत्र केलं की दोन्ही बिघडतं असं मला वाटतं.

---

कंबर_तलाव

@जुळे_सोलापूर, आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं, नियम करूनही पाहिला. झालं काय, तर गटावर फक्त सुप्रभात आणि वाढदिवस उरले. माझ्या भावाची नोकरी गेली हे माझं दुःख होतं. ते बाहेर ठेवून मी आत काय नेणार? मी समलिंगी आहे एवढंच? रात्री झोप येत नव्हती ती त्या दोन्ही कारणांनी.

---

निळी_छत्री

मी याच गटातली आहे, पारलिंगी स्त्री. धागा वाचला. कंबर_तलाव, तू मनापासून लिहिलंस म्हणून मीही मनापासून लिहिते, राग मानू नकोस.

"त्या दिवशी जात कुणाच्या डोक्यातही नव्हती" असं तू लिहिलंस. तुझ्या यादीतल्या पाचात एकही महार-मांग-चांभार नव्हता, हे तुझ्या आज तरी लक्षात आलं का? मी २०२० ला आले. पहिल्याच शनिवारी एकीनं प्रेमानं विचारलं, "आडनाव काय तुझं?" मी सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "आपल्यात असलं काही नसतं हं." म्हणजे असतं. २०२३ ला तुम्ही दोघं भांडलात तेव्हा मला धक्का बसला नाही. तुम्हाला पहिल्यांदा दिसलं ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

आणि पाणी. तू पाण्याबद्दल किती सहज लिहिलंस. माझी आजी गावच्या आडापासून लांब उभी राहायची, कुणीतरी वरून ओतेल तेव्हा तिची घागर भरायची. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते आमच्या घरात देवाच्या गोष्टीसारखं सांगतात. अक्कांच्या वहीत पाण्याच्या पाळीला माझं नाव लिहिलं गेलं आणि प्यायच्या हंड्याला माझा हात लागला, तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई काही बोलली नाही, डोळे पुसले. तुम्हा दोघांना ती पाळी शिक्षा वाटली असेल. मला नाही वाटली.

अक्कांबद्दल मात्र एक शब्द वावगा नाही. त्यांनी कधीच काही विचारलं नाही. "जेवलीस का" एवढंच.

---

कंबर_तलाव

निळी, राग कसला. ते वाक्य मी खोडत नाही, तसंच राहू दे, खाली तुझं उत्तर राहू दे. वाचणाऱ्यांनी दोन्ही वाचावं. आडाचं तू कधी सांगितलं नव्हतंस. मी विचारलंही नव्हतं.

---

घोंगडी

मीच ती नर्स मैत्रीण.

कंबरनं लिहिलंय त्यावरून कुणाला वाटेल की एका रात्रीत लाईट गेली आणि आमचं मिटलं. तसं झालेलं नाही. त्या रात्री पाणी भरून झाल्यावर माझ्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, नाईट ड्यूटीला नेते ती. निम्मी त्याला दिली कारण तो उपाशी दिसत होता. पेशंट उपाशी दिसला तरी मी देते. माफी वगैरे काही नाही. तो "सॉरी" म्हणाला तेव्हा मी "बघू" म्हणाले आणि गाडीला किक मारली.

मला काय लागलं होतं ते सांगते. माझे वडील मेंढरं घेऊन आठ महिने फिरायचे. मी पाच शाळा बदलल्या. भटक्या जमाती क, साडेतीन टक्के, त्यातून नर्सिंगची सीट मिळाली. आमच्या घरात पगाराची पहिली पावती माझी. त्या पगारावर मी वेगळी खोली घेतली, आणि त्या खोलीमुळं मी आणि माझी जोडीदारीण एकत्र राहू शकतो. दाखला नसता तर नोकरी नसती, नोकरी नसती तर माझं विसाव्या वर्षीच लग्न झालं असतं. म्हणजे माझं बाईवर प्रेम करणं आणि माझा दाखला यांत मी दोरासुद्धा घालू शकत नाही. आणि हा मला म्हणाला पोट भरलंय. ज्याला मी माझ्या जोडीदारणीची ओळख सगळ्यात आधी करून दिली होती, त्यानं.

धनगरांना अनुसूचित जमातीत घ्या ही आमच्या लोकांची मागणी किती जुनी आहे! फेब्रुवारी २०२४ ला उच्च न्यायालयानं त्या याचिका फेटाळल्या. तेव्हा मला कळलं की दारात उभं ठेवणं कसं असतं, आणि मग कंबरच्या भावाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तरी माझं मत बदललेलं नाही. ओबीसीतून देऊ नये हेच मत आजही आहे, कंबरचं त्याच्या उलट आहे. पाळीला आम्ही दोघंही जातो.

---

कुंभारी

वही लिहिणारा मीच. कागदाच्या बैठकीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या, घरात तेलुगू बोलतो.

जून २०२४ ला वडीगोद्रीला ओबीसींचं उपोषण सुरू झालं, नेते आपल्याच सांगोल्याकडचे. वातावरण परत तापलं. अक्का तोवर काठीवर चालत होत्या. त्या म्हणाल्या, "मोबाईलमधलं कुणी वाचून दाखवू नका. ज्याच्या त्याच्या घरात जो कागद पेटीत जपून ठेवलाय तो घेऊन या. तो काय आहे ते मला सांगा, मला वाचता येत नाही." एवढाच नियम. अक्कांना सांगायचं, एकमेकांना नाही. त्यामुळं कुणी कुणाला उत्तर देत नव्हतं.

अठरा जण आले. मधे सतरंजी, पिशव्यांतून कागद निघाले. काही लॅमिनेशन केलेले, काही घडीवर फाटून सेलोटेपनं चिकटवलेले.

मी आईचं विडी कामगाराचं कार्ड नेलं. त्यावरचा फोटो ती बावीस वर्षांची असतानाचा. दिवसाला हजार विड्या, पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, ओल्या फडक्यात पानं. आता तिच्या बोटांचे ठसे मशीनवर उठत नाहीत, रेशनला प्रत्येक वेळी तीनदा-चारदा बोट ठेवावं लागतं. कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत झाली, त्यात आम्हाला घर मिळालं, त्याचा कागदही नेला होता. लढून मिळालेलं घर आहे ते. माझं कळल्यावर बाप मला त्याच घरातून हाकलणार होता, आई दारात आडवी बसली. म्हणाली, घर माझ्या कार्डावर आहे.

बागवान दादानं शाळेचा दाखला आणला. तोही ओबीसी आहे हे निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. पण तो बोलला २००२ बद्दल. त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकानं पैगंबरांबद्दल काहीतरी म्हटलं म्हणून इथं बंद झाला, दंगल पेटली, संचारबंदी लागली. तो तेव्हा शाळेत. वडिलांच्या हातगाडीवरची केळी दारातच काळी पडली, गल्लीभर वास. त्याला आजही जास्त पिकलेल्या केळ्याचा वास आला की उठून जावं लागतं. सहा वर्षं आम्ही त्याला "केळं का खात नाहीस" म्हणून हसत होतो.

कंबर दादानं सातबारा आणला, अडीच एकरावर अकरा नावं. आणि भावाच्या निवड यादीची झेरॉक्स, नावाभोवती पेनानं गोल. तो म्हणाला, भावकीत कुणबी नोंद, जिच्यावर ओबीसीचा दाखला मिळतो ती, सापडली नाही. तुळजापूर तालुक्यात मामाकडं मोडीतली नोंद सापडली. एकाच पंगतीत जेवणारी मामा-भाचे, एकाकडं दाखला, एकाकडं नाही. भाऊ मामाकडं जायचा बंद झालाय. हे सांगताना त्याचा आवाज गेला. घोंगडी ताई उठली, तांब्याभर पाणी आणून त्याच्यापुढं ठेवलं आणि परत जाऊन तिच्या जागेवर बसली.

निळी ताईचा कागद तिनंच सांगावा.

---

निळी_छत्री

माझे दोन कागद होते आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत.

पहिला, जातीचा दाखला, जुन्या नावाचा, मुलगा म्हणून. दुसरा, तृतीयपंथी ओळखपत्र, कलेक्टर कचेरीतून मिळालेलं, माझ्या नावाचं. तृतीयपंथीयांचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, त्याखाली मी पोर्टलवर अर्ज केला, तेव्हा प्रतिज्ञापत्र लागलं, शारीरिक तपासणी लागली नाही. ते कार्ड आलं तेव्हा मी नाचले होते. मग एका खिडकीवर सांगितलं, जातीच्या दाखल्यावरचं नाव वेगळं आहे, जुळवून आणा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, आधी शाळेचा दाखला बदला. जुळवता जुळवता दोन वर्षं गेली. जातीची मी एका कागदावर, बाई मी दुसऱ्या कागदावर.

आता आरक्षणाचं, कारण त्या बैठकीत यावरच सगळ्यात मोठी चर्चा झाली. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना सामाजिक-शैक्षणिक मागास मानून आरक्षण द्या असं म्हटलं. ऐकायला छान आहे. पण उद्या सगळ्या तृतीयपंथीयांना ओबीसीत टाकलं तर मी काय करायचं? अनुसूचित जात सोडायची? आणि घोंगडीच्या लोकांना आणखी एक वाटेकरी. म्हणून आमची मागणी समांतर आरक्षणाची, जसं महिलांना आहे, प्रत्येक प्रवर्गाच्या आत थोड्या जागा. शेजारच्या कर्नाटकानं २०२१ ला नोकऱ्यांत एक टक्का तसंच दिलंय, विजापूरला माझी मावस बहीण आहे तिच्याकडून मला कळलं. आपल्याकडं पोलीस भरतीच्या अर्जात वेगळा रकाना हवा यासाठी २०२२ ला उच्च न्यायालयात जावं लागलं.

हे मी मांडल्यावर घोंगडी म्हणाली, "याला मी सही करते." कंबर म्हणाला, "मीही." त्या खोलीत आरक्षणावर दोघांच्या सह्या एका कागदावर आलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. अर्ज दिलाय. पोच आहे, उत्तर नाही.

---

जुळे_सोलापूर

समांतर आरक्षण या मुद्द्याचा मी कधी विचार केला नव्हता. वर मी "दोन्ही प्रश्न वेगळे" म्हणालो होतो, ते मागे घेतो. निळी_छत्री, तुमच्या आजीचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

---

मांजराकाठ

व्यनि करणारा मीच. आमचा गट छोटा, सात जणांचा. त्यातले दोघं वंजारी, तीन मराठा, दोघं बौद्ध. वर्षभर भेट नाही. आमच्याकडं अक्कांसारखं कुणी नाही, सगळे पंचविशीतले. आमच्या भागात दुकानं कुणाची कुठली बघून गिऱ्हाईक जायला लागलंय, चहासुद्धा आपल्या माणसाकडं. अशात कुठून सुरुवात करायची? सगळ्यांना एकत्र बोलावलं तर येणार नाहीत हे नक्की.

---

घोंगडी

@मांजराकाठ, सगळ्यांना बोलावू नकोस. बोलवायचं म्हणजे बोलायला बोलवायचं, आणि बोलायची कुणाचीच तयारी नसते. सातांत सध्या कुणाला काय नड आहे ते बघ. कुणाची आई दवाखान्यात आहे का, कुणाची खोली बदलायची आहे का, कुणाचा फॉर्म भरायचा आहे का. तिथं दोन विरुद्ध बाजूंची माणसं पाठव, मुद्दाम. आणि पुन्हा पाठव. आम्हाला चार पाळ्या लागल्या, तुम्हाला दहा लागतील. एकानं दुसऱ्याला उचलून जड काहीतरी द्यायचं असेल तर उत्तम.

आणि कुणी आलंच नाही तर रागवू नकोस. आमच्या नऊपैकी तिघं अजून आलेले नाहीत. त्यातल्या एकाचं म्हणणं मला पटतं, की तुम्ही भांडून परत गळ्यात गळे घालता, माझ्या गावात माझं घर जळताना वाचलंय. त्याला यायचं नसेल तर तो बरोबर आहे. आम्ही त्याचं नाव वहीतून काढलेलं नाही एवढंच.

---

कंबर_तलाव

@मांजराकाठ, दोन बारीक गोष्टी. एक, फॉरवर्ड आणायचं नाही, स्वतःच्या घरातलं आणायचं. "आमच्या लोकांवर" असं वाक्य सुरू झालं की अक्का विचारतात, "तुझ्यावर काय झालं ते सांग." बऱ्याचदा पुढं काही नसतं, माणूस थांबतो. असेल तर मग ते सगळे ऐकतात. दोन, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा जीआर (जुन्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा) आला तेव्हा मी त्या शनिवारी गेलो नाही. घरात भाऊ खूश होता, मी पण होतो, आणि घोंगडीसमोर तो आनंद कसा धरून बसायचं हे मला कळेना. पुढच्या शनिवारी जाऊन हेच सांगितलं. ती म्हणाली, न येता घरी पेढा खाल्लास, इथं आणून खाल्ला असतास तर मला कमी लागलं असतं. म्हणजे अजून शिकतोच आहोत.

---

एक_आई_पंढरपूर

नमस्कार. पहिल्यांदाच लिहिते आहे. माझा मुलगा सोलापुरात शिकतो आणि मला वाटतं तो तुमच्याकडे येतो. त्याने मला मागच्या आषाढीनंतर सांगितलं. त्याच्या वडिलांना अजून माहीत नाही, ते आंदोलनात पुढे असतात, चिडके आहेत पण मनाने वाईट नाहीत. आमच्या घरात वारीला सगळे एकमेकांना माऊली म्हणतात, पाया पडतात, लहान-मोठं बघत नाहीत. घरी आलं की सगळं होतं तसं. मी हे कुणाशी बोलू शकत नाही. माळशिरस तालुक्यात तरंगफळला २०१७ साली ज्ञानदेव कांबळे, तृतीयपंथी, ज्यांनाही माऊलीच म्हणतात, त्यांना लोकांनी सरपंच केलं, तेव्हा आमचे हे टीव्हीसमोर म्हणाले होते, गाव मोठ्या मनाचं आहे. ते मला आठवतंय. त्यांना त्याची आठवण करून द्यावी का, की थांबावं?

मला अक्कांना भेटता येईल का? मी जातीची चौकशी करणार नाही. मला कागद कुठला आणायचा तेही सांगा. माझ्याकडे त्याची जन्माच्या वेळची पायाच्या ठशाची दवाखान्यातली चिठ्ठी आहे फक्त.

---

घोंगडी

काकू, यजमानांना सांगायची घाई करू नका. आधी मुलाला विचारा, सांगायचं की नाही आणि कधी, हे त्याचं त्याला ठरवू द्या. तो अजून शिकतोय, फी आणि खोली वडिलांच्या पैशावर असेल तर ते आधी सुरक्षित होऊ दे. तरंगफळची आठवण जपून ठेवा, पुढं कामाला येईल.

तीच चिठ्ठी आणा. येताना मुलाला विचारूनच या. एसटी स्टँडवर उतरलात की इथंच निरोप द्या, कुणीतरी न्यायला येईल. जेवून येऊ नका, अक्का रागावतात.

---

कुंभारी

काकू, मीच येईन न्यायला.

कंबर दादा, घोंगडी ताई, अक्कांचा निरोप आहे. उद्या रात्री पाणी सुटणार असं वरच्या आळीतले म्हणतायत. वहीत तुमची दोघांची पाळी आहे. मोटरचा वायसर गेलाय, नवीन आणा.

---

घोंगडी

वायसर मी आणते. उद्या नाईट आहे माझी, दोनच्या आत सुटलं तर कंबर एकटा पडेल. निळी, जमेल का तुला?

---

निळी_छत्री

येते. हंडा मी भरणार.